उजव्या खाचेतली साखर

१

तर झालं असं, की कीर्तनकार नरहरबुवा सोवनी पहाटे गेले, आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत त्यांचा एक डोळा चोरीला गेला.

रत्नागिरीच्या नेत्रपेढीतल्या लहानशा खोलीत, ओट्यावर, थर्माकोलची पांढरी पेटी उघडी पडली होती. आत बर्फाच्या पिशव्या जागच्या जागी. मध्ये दोन खाचा. डाव्या खाचेत काचेची बाटली नीट बसलेली. उजव्या खाचेत बाटली नव्हती. तिथे केळीच्या पानाची, दोऱ्याने बांधलेली एक पुडी होती, आणि पुडीत मूठभर साखर.

"मावशी, तीस वर्षांत असं काही ऐकलंयत?" डॉक्टर मनस्विनीने विचारलं.

आनंदीबाई करमरकर नाकावरचा चष्मा सावरत वाकून बघत राहिल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, पोलीस तर नव्हत्याच. सारी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून गेली. केळशीपासून राजापुरापर्यंतच्या जिल्ह्याचं सुखदुःख त्यांच्या कानावरून गेलेलं. माणूस काय बोलतो यापेक्षा कुठे थांबतो, हे त्यांना आधी ऐकू यायचं. निवृत्तीनंतर त्या नेत्रपेढीचं काम बघू लागल्या, तेही नरहरबुवांच्याच एका कीर्तनामुळे.

"चोर गोडबोल्या दिसतोय," कोपऱ्यातून दीपक म्हणाला. हा इथला तंत्रज्ञ. बुवांच्या घरी जाऊन डोळे काढून आणायचं काम सकाळी त्यानेच केलं होतं. विनोद करायला गेला, पण चेहरा खडूसारखा पांढरा.

"तू गप रे," मनस्विनी म्हणाली. मग हळू आवाजात, "मावशी, बाहेर बघितलंत ना कोण बसलंय?"

बघितलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर निशिगंधा नावाची मुलगी बापाच्या खांद्याला टेकून बसली होती. काजूच्या कारखान्यात टरफलाचं तेल डोळ्यात उडालं, जखम चिघळत गेली आणि आता बुबुळाला भोक पडायच्या बेतात होतं. दुसऱ्या डोळ्याने तिला लहानपणापासूनच दिसत नाही. आज नवं बुबुळ बसलं तर बसलं, नाहीतर अंधार कायमचा.

"डावा डोळा उत्तम आहे," मनस्विनी म्हणाली. "पण पेटी कुणीतरी उघडली. का उघडली, डाव्या बाटलीला हात लावला का, झाकण काढलं का, काहीच माहीत नाही. जंतू गेले असतील तर तिचा आहे तो डोळाही जाईल. हे कळल्याशिवाय मी सुरी उचलणार नाही. आणि पोलिसांत गेले तर अख्खी पेटीच पुरावा म्हणून जप्त."

"म्हणजे मला वेळ किती?"

"तिच्या डोळ्याला विचारा," मनस्विनी म्हणाली. "संध्याकाळच्या पलीकडे तो थांबणार नाही."

आनंदीबाईंनी पदर खोचला. दारापर्यंत पोचल्या तेव्हा बाकावरची निशिगंधा आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाली, "बाई, ऑपरेशन उद्यावर गेलं काय?"

"नाही गो," आनंदीबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण खोटं बोललो.

२

शिरगावच्या रस्त्याला रिक्षा लागली. दोन्ही बाजूंना कलमांना मोहर आलेला, हवेत तो आंबटगोड वास. आनंदीबाईंच्या मनात मात्र राममंदिरातला उत्सव उभा राहिला होता.

काय ते दिवस. पेट्रोमॅक्सचा उजेड, बुक्क्याचा वास, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये लाल उपरणं घेतलेले नरहरबुवा. चिपळ्या वाजवण्याआधी बुवा क्षणभर थांबायचे. पहिली नजर उजवीकडच्या खांबाकडे जायची, मग देवाकडे, मग नमन. आनंदीबाईंना वाटायचं, त्या खांबापाशी समई असते, तिला वंदन करत असतील. पूर्वरंगात अभंग असा उलगडायचे की सुपारी कातरणारे हात थांबायचे. आणि उत्तररंगाला दधीचीचं आख्यान लावलं की संपलंच. देवांनी आपली शस्त्रं ऋषीकडे ठेवायला दिली, ऋषीने त्यांचं तेज पाण्यातून पिऊन टाकलं, ते हाडांत भिनलं. मग देव परत मागायला आले तेव्हा त्याने हाडंच दिली. "मंडळी, ठेव ती ठेव," बुवा म्हणायचे. "जपायची, वापरायची, पण ज्याची त्याला पोचवायची." असं म्हणून झांज वाजली की आनंदीबाईंच्या डोळ्यांत हमखास पाणी.

आता उत्सवाला ऑर्केस्ट्रा असतो. असो.

बुवांच्या अंगणात माणसं होती. मुलगी उर्वी मुंबईहून निघाली होती. ती आली की उचलायचं, असं ठरलेलं. पडवीत एक बाकडं होतं. पेटी सकाळी त्याच बाकड्यावर होती आणि बाहेर बेड्यापाशी एक पांढरी गाडी उभी होती, असं दीपकने सांगितलं होतं. काम आटोपून, पेटी भरून तो मागीलदारी हात धुवायला आणि चहा घ्यायला गेला. परत येऊन, न उघडता, चिकटपट्टी लावली आणि निघाला. म्हणजे जे झालं ते चहाच्या वेळात.

आतल्या खोलीत सावित्रीवहिनी, बुवांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आलीस गो आनंदी," त्या म्हणाल्या. "बघ, तुझे बुवा शेवटपर्यंत वेळेचे पक्के. काकडआरती चुकवली नाही, तेवढ्यात गेले."

आनंदीबाई शेजारी बसल्या. मग बाटलीचं सांगितलं. वहिनींनी डोळे मिटले.

"मीच सही केली. त्यांची इच्छा होती. मी पडवीत गेलेच नाही, यांच्या उशाशीच होते. बाहेर कोण होतं, मला काय ठाऊक? शार्दूल होता. चहाला शेजारच्या बायका. आपल्याकडे चूल कुठली पेटायला? साखर, चहा, दूध सगळं त्यांनीच आणलं. काशी होती, वरच्या वाडीतली. तिच्या हातचा चहा सगळ्यांनी घेतला."

"काशी म्हणजे, कीर्तनाला खांबापाशी बसायची ती?"

"तीच. हे गुहागरला गेले तरी ही एसटी पकडून हजर. मी यांना चिडवायचे, तुमची गोपी आली म्हणून." वहिनी रडतारडता जरा हसल्या.

पडवीत शार्दूल, बुवांचा मुलगा, उभा होता. बागायतदार गडी, पण बापाच्या नावाने मन कडू. साखरेची पुडी ऐकून त्याने नाक मुरडलं.

"करणी असेल. नाहीतर तुमच्याच माणसाने विकला असेल. बाबांनी सगळं वाटलं, आम्हाला फक्त ऐकायला ठेवलं. डोळे तरी राहतील वाटलं होतं, तेही तुम्ही नेलेत."

"विकला म्हणालास," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी विकण्याचं नावही काढलं नव्हतं हो."

शार्दूल थांबला. नेमका जिथे थांबू नये तिथे.

"सकाळी बेड्यापाशी पांढरी गाडी होती, ती कुणाची रे?" फाटकाकडे हात करून आनंदीबाईंनी विचारलं.

३

गाडी अजिंक्य नावाच्या मुंबईच्या माणसाची होती. धंदा काय, तर शार्दूलच्या शब्दांत, "कुणाला काही अवयव पाहिजे असला तर तो जमवून देतो."

"बाबा आजारी पडले तेव्हापासून फोन करत होता," शार्दूल खाली बघत म्हणाला. "एक मोठे गृहस्थ वाट बघतायत, डोळे पेढीत देण्याऐवजी आमच्या डॉक्टरकडे द्या, तुमची सोय बघू. खोटं कशाला बोलू, मावशी, मी विचार केला. कलमं विकायची वेळ आलीय. पण सकाळी आत जाऊन बाबांचा चेहरा बघितला आणि त्याला म्हटलं, निघ."

"आणि निघाला?"

"बेड्यापाशी बराच वेळ घुटमळला. मग गेला."

आनंदीबाईंनी नंबर घेतला आणि अंगणाच्या टोकाला, फणसाखाली जाऊन फोन लावला. एक्स्चेंजमधला जुना आवाज आपोआप घशात आला, गोड आणि दगडासारखा.

"अजिंक्य बोलतायत का? मी सोवनीबुवांच्या घरून बोलत्ये."

"बोला ना मावशी. फार वाईट झालं हो. आम्ही काय, नुसती मदत करतो. देणारा आणि गरजू, दोघांची गाठ घालून देतो."

"लग्न जमवता म्हणा की."

पलीकडे हसणं. "तसंच समजा."

"मग आमचा एक नवरदेव मांडवातून पळालाय. उजव्या बाजूचा. तुमच्या गाडीत नाही ना बसला?"

हसणं तुटलं. "ओ बाई, मला यात ओढू नका. मी चिपळूणला पोचलोय. आणि उजवा? उजव्याला हात कोण लावेल? त्या डोळ्याचं बुबुळ आधीच बदललेलं आहे, तुमच्या शार्दूलनेच सांगितलं. एकदा बसवलेलं पुन्हा बसवत नाहीत. तो फुकट दिला तरी आमच्यात कोणी घेणार नाही. मला हवा असता तर डावा नेला असता." मग घाईघाईने, "म्हणजे, मी काही नेत नाही."

"ते पोलिसांना सांगा. विचारायला येतीलच ते," आनंदीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी आयुष्यात इतकी खोटी माणसं ऐकली होती की घाबरलेला खरा माणूस त्यांना लगेच कळायचा.

त्यांनी दीपकला फोन केला. "उजव्या डोळ्यात काही वेगळं दिसलं होतं?"

"होय की. बुबुळाभोवती गोल रेघ होती, जुन्या टाक्यांची. डाव्याचाच उपयोग होणार हे मला तिथंच कळलं होतं. पण दोन्ही आणायचे असा नियम, म्हणून आणले. मावशी, माझी नोकरी जाणार काय?"

"एक सांग. मेसचा डबा परत देताना त्यात काय घालतोस?"

"डब्यात? काय घालणार? धुवून द्या म्हणून बाई ओरडतात, तेवढंही होत नाही."

"बरं. तू सुटलास."

"कशातून?" दीपकने विचारलं. पण आनंदीबाईंचं लक्ष कुठे होतं? चोराने बाजारात ज्याला किंमत नाही तोच डोळा नेला होता, आणि सोन्यासारखा डोळा तसाच ठेवला होता.

४

त्या परत सावित्रीवहिनींपाशी येऊन बसल्या.

"वहिनी, बुवांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं?"

वहिनींच्या कपाळाला आठी पडली, जुनी गोष्ट शोधायची म्हणून. "झाली चाळीसेक वर्षं. शार्दूल पाळण्यात होता. बुबुळ पुढे आलेलं, दिसेनासं झालेलं. एका श्रावणात सरकारी दवाखान्यातून निरोप आला, डोळा मिळालाय, लगेच या. कुणाचा, ते यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, ठेव आहे. नेत्रदानावर बोलायला लागले ते त्यानंतरच."

आनंदीबाई अंगणात आल्या. शार्दूल मागोमाग आला. त्याच्या चेहऱ्यावरचा कडूपणा आता निम्मा उतरला होता.

"काही कळलं?"

"ऐक," त्या म्हणाल्या. "चोराने बाटली नेली, पण बर्फ नेला नाही. डोळ्यांच्या बाजारातला माणूस आधी बर्फ घेईल. बर्फावाचून तो डोळा दुपारपर्यंत वाया. म्हणजे नेणाऱ्याला तो कुणाला बसवायचा नव्हता. दुसरं, त्याने जाणूनबुजून उजवाच नेला. म्हणजे उजव्याची गोष्ट त्याला ठाऊक होती."

"ती मला आणि आईलाही ठाऊक होती. मग आमच्यावर संशय?"

"आला होता. तुझ्यावर तर फार. पण साखरेने तुम्हाला सोडवलं. अरे, आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत जाते का? आमटीची वाटी आली तर जाताना त्यात गूळ नाहीतर साखर. निदान दोन दाणे तरी. जन्माची सवय असते ती, हातालाच असते, डोक्याला विचारावं लागत नाही. बाटली काढली, खाच रिकामी दिसली, आणि त्या हाताला ते बघवलं नाही. हा हात बाईचा, घर चालवलेल्या बाईचा."

"मग आई."

"सुतकाच्या घरातून कधी कुणाला साखर दिलेली बघितलीस? तुमच्या घरातून आज चिमूटभर मीठसुद्धा बाहेर जायचं नाही. तुझी आई मेली तरी ते करणार नाही. म्हणजे हात सुतकाबाहेरचा. साखर ज्याच्या हाताशी होती, त्याचा. मागीलदारी चहा करत होती, तिचा."

शार्दूलला पटायला वेळ लागला. "काशीकाकी? तिचा आणि बाबांच्या डोळ्याचा काय संबंध?"

आनंदीबाईंना राममंदिर दिसत होतं. चिपळ्या वाजायच्या आधीचा तो थांबा. उजवीकडचा खांब. तिथे समई नव्हतीच कधी. समई तर गाभाऱ्यात. खांबाला टेकून एक बाई बसलेली असायची, आणि बुवा आधी तिच्याकडे बघायचे, मग देवाकडे. इतकी वर्षं समोर होतं आणि आपण अभंगाच्या नादात राहिलो.

"शार्दूल," त्यांनी विचारलं, "काशीचा मुलगा कशाने गेला रे?"

"अनिल? माडावरून पडला. मी लहान होतो. श्रावणात पडला म्हणतात."

५

काशीच्या वाडीकडे जायला पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, ओलांडावा लागतो. आता त्यावर सिमेंटचा पक्का साकव आहे. तेव्हा लाकडाचा होता. आनंदीबाई कठड्याला धरून पलीकडे गेल्या, जांभ्याच्या पायऱ्या चढल्या. काशीने बाटली समुद्राला दिली असली तर? मागून शार्दूल येत होता, त्याला त्यांनी खळ्यातच थांबवलं.

काशी ओटीवर बसली होती. ऐंशीच्या घरातली, सुकलेल्या खोबऱ्यासारखी, पण डोळे लख्ख. मागे देव्हाऱ्यात दिवा लावलेला. दिव्याजवळ, पितळी ताटलीत, काचेची बाटली.

"बस गो बाय," ती म्हणाली. "तू येशील म्हनून वाटला व्हताच मला. पानी देव?"

"दे."

पाणी पिऊन आनंदीबाईंनी भांडं खाली ठेवलं. काशीच आधी बोलली.

"मी चोरी नाय केली. माजा पोरगा घरी आनला."

मग ती सांगत गेली आणि आनंदीबाई ऐकत गेल्या. अनिल सकाळी नारळ पाडायला गेला, तो माडावरून पडला. खाटेवर घालून रत्नागिरीला नेला. तिसऱ्या दिवशी गेला. एक तरुण डॉक्टर आला, डोळे मागितले. काशीचा नवरा नको म्हणाला, काशीने अंगठा दिला. पोराचं काहीतरी राहील म्हणून. आणि मग घरी न्यायचं तर पाऊस कोसळणारा, साकव वाहून गेलेला. तिथेच, शहरातल्या स्मशानात, परक्या लाकडांवर त्याला दिला.

"सकाळी घरातना गेला तो गेलाच," काशी म्हणाली. "परत उंबऱ्यात पाय नाय पडला त्याचा. आमी साकव बांदायची वाट बगत दवाखान्याच्या व्हरांड्यातच व्हतो. तितं बुवा. उजव्या डोल्याला पट्टी. कोन काय बोलला नाय. सांगायचा नसतो म्हनं. पन एकाच दिशी एक डोला जातो नि एक येतो, मला काय समाजत नाय? बुवांनापन समाजला. माज्याकडं बगून हात जोडलान."

"आणि मग तू कीर्तनाला जायला लागलीस."

"मला अभंगातला काय कळतंय? मी खांबाशी बसायची. बुवा बगायचे, मंजे तो बगायचा. हाय, बरा हाय, एवडा कळला की मंग झोप लागली तरी चालायची."

आनंदीबाईंना हसू आलं. काशी पुढे बोलत राहिली.

"आज बुवा गेले. त्यांचा डोला त्यांनी दिला, तां त्यांचा व्हता. पन ह्यो? बुवाच सांगायचे ना, ठेव ज्याची त्याला पोचवायची. ते गेले, आता कोन पोचवनार? मंग मीच आनला. म्हटला, घर बगू दे त्याला एकदा. देव बगू दे."

"काशी, दुसरी बाटली उघडलीस का? हात तरी लावलास?"

"नाय बाय. दुसऱ्याच्या वस्तूला हात कशाला लावू? धुतलेल्या हातानं झाकन उगाडला पेटीचा, उजव्या अंगाची हीच उचलली, साखर ठेवली, झाकन लावला. पेटी रिकामी कशी धाडू?"

"ह्या बाटलीचं झाकण?"

"शपत देवाची."

आनंदीबाईंनी तिचा हात हातात घेतला. "ऐक. एक मुलगी बाकावर बसलीय. एकच डोळा, तोही चाललाय. बुवांचा डावा तिला बसेल. पण ही बाटली डॉक्टरच्या हातात जाईपर्यंत, आणि तू हे तिच्यासमोर सांगेपर्यंत, डॉक्टर सुरी उचलणार नाही."

काशीने देव्हाऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर शार्दूल खाकरला.

"केवडी हाय ती पोर?" तिने विचारलं.

"अनिल गेला तेव्हा केवढा होता?"

काशी उठली. बाटली पदरात घेतली. "चल. पन परत घेऊन मात्र कोन जायाचा नाय माज्याकडना. कुटं जायाचा ता मी सांगेन."

६

मनस्विनीने काशीला समोर बसवून सगळं विचारलं. मग दोन्ही बाटल्या दिव्याखाली फिरवून बघितल्या. डाव्या झाकणावरचं मेण दीपकने लावलं होतं तसंच होतं, अखंड. उजव्याचंही. ती दीपकला म्हणाली, "पेटी बाकड्यावर सोडून चहाला जायचं नाही, पुन्हा कधीच," आणि थिएटरचे कपडे मागवले. अजिंक्यच्या तक्रारीसाठी पोलीस ठाण्याचा नंबर तिने एका कागदावर लिहून शार्दूलला दिला आणि म्हणाली, "तक्रार तुम्ही करायची. घरच्याने केली तर तिला वजन येतं." शार्दूलने कागद घडी करून खिशात ठेवला.

निशिगंधाला आत नेलं.

राहिला उजवा. मनस्विनीने समजावून सांगितलं: हा कुणाला बसवता येणार नाही. पेढीच्या रीतीप्रमाणे आम्ही त्याला अग्नी देतो, सन्मानाने. पण काशीबाईंची आणि बुवांच्या घरच्यांची इच्छा असेल तर तुमच्या हाती देते.

तोवर उर्वी आली असल्याचा फोन आला. सगळे शिरगावला परत निघाले. काशी रिक्षात मध्ये बसली, बाटली मांडीवर, दोन्ही हातांनी झाकून, खड्डा आला की श्वास रोखून.

बुवांना अंगणात आणलं होतं. गळ्यात तुळशीचा हार, कपाळाला बुक्का, डोळ्यांवर पांढरा कापूस. काशी पुढे झाली. माणसं बाजूला सरली. ती शार्दूलला म्हणाली, "हात कर."

शार्दूलने दोन्ही हात पुढे केले.

"तवा डॉक्टरनं मागितला म्हनून दिला," काशी म्हणाली. "कुनाला देतंय तां ठाव नव्हता. आज माजा मी देतंय, बुवांना. इतकी वरसं दोगं येका घरात ऱ्हायले, आता वाटन्या कशाला? घर बगून आलाय तो. देव बगून आलाय. एकत्र जाऊ दे दोगांस्नी."

शार्दूलने बाटली बुवांच्या उजव्या अंगाला, उपरण्याच्या घडीत ठेवली. मग वाकून काशीच्या पायांना हात लावला. गड्याला रडू आवरेना, आणि कुणी त्याला आवर म्हटलंही नाही. गावातल्या कुणा म्हाताऱ्याने झांज वाजवली. रामनाम घेत माणसं बेड्याबाहेर पडली.

बायका मागे राहिल्या. उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली तेव्हा आनंदीबाईंचा फोन वाजला. मनस्विनी होती. दोनच वाक्यं बोलली. आनंदीबाईंनी फोन पदरात ठेवला आणि मनातल्या मनात देवाला नमस्कार केला.

"बसला?" सावित्रीवहिनींनी विचारलं.

"बसला."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "कुणाला गो? नाव तरी सांग. मी काही जायची नाही तिथे. नुसतं माहीत असावं म्हणून."

आनंदीबाई बोलायच्या आधी काशीने मान हलवली.

"नको विचारू वैनी. नाव कळला की मानूस बगायला जातो."

"मग तुला काय वाईट गेलं?"

"वाईट नाय गेला," काशी म्हणाली. "पन चाळीस वरसं जीव तितंच, खांबापाशी. घरी बसून पेज काय गोड लागली नाय मला."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, आणि सरकून भिंतीपाशी तिला जागा करून दिली.